पुढचं टोक

मे महिना. बाहेर सेहेचाळीस,
इनक्युबेटरच्या आत पंचवीस.
माशांना एवढं सुख. आम्हाला कूलर,
त्याची वाळ्याची ताटी दुपारपर्यंत कोरडी.

देवकाबाई बावीस वर्षं त्यांचं जेवण रांधते आहे:
मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, अगर.
हात थांबला की गुठळी.
गुठळी अळ्यांना चालते, देवकाबाईला नाही.

अंडी घालायला मात्र संत्र्याच्या रसाची बशी,
कळमन्याहून आणलेल्या मृग बहाराच्या शेवटच्या पेटीतली.
रात्री ठेवायची, सकाळी मोजायची.
कणीहून लहान अंडं, एका टोकाला दोन पांढरे कान:
डोकं इकडे, असं कवच सांगतं.

बाटली एकशे सतरा.
हिच्यातल्या मादीत काही कमी नाही.
उडते, खाते, पंख थरथरवत आलेल्या नराला
मनात आलं तर हो म्हणते.
काल चाळीस घातली.
एकही फुटलं नाही.

ब्लीचमध्ये कवच उतरवून काचेखाली धरलं.
पोटावरच्या काट्यांच्या रांगा नीट, फणीच्या दातांसारख्या.
मागे शेपूट.
पुढे, कान जिथे डोकं म्हणत होते तिथे,
तिथेही शेपूटच.

नर बदलून पाहिला. तीनदा.
तेच.

वहीत लिहायचं असतं, दोष मातेचा.
'दोष' लिहिलं आणि पेन तिथेच राहिलं.
माझ्या बहिणीच्या सासरी, पाचपावलीत,
हा शब्द चपलांशेजारी बसलेला असतो,
येणारा जाणारा त्याला ओलांडून चहा पितो.
दोनदा राहिलं, दोनदा गेलं.
तिथे कोणी काही मोजलं नाही.
नर तर कोणी तपासलाच नाही.

इथे निदान हिशेब आहे.
हिच्या आईकडे एक प्रत शाबूत होती, एक फाटकी.
शाबूत प्रतीतून तिने डबा बांधून दिला,
त्यावर हिचं डोकं झालं, विटकरी डोळे झाले, पंख फुटले.
वारशात मात्र आईची फाटकी आली, बापाचीही फाटकी.
हिला ते जन्मभर कळत नाही.
कळतं तेव्हा ती आई असते,
आणि तेव्हाही तिला नाही, मला कळतं.

अंड्याच्या आधी सोळा पेशी असतात, सख्ख्या बहिणी.
पंधराजणी आपलं होतं नव्हतं सोळावीत ओततात
आणि मिटून जातात.
त्या ओतलेल्यात एक चिठ्ठी असते,
एका टोकाला चिकटवलेली: पुढे म्हणजे इकडे.
पहिले दोन तास गर्भाचं स्वतःचं काही नसतं,
तो आईचंच वाचत असतो.
एकशे सतराची चिठ्ठी कोरी.

देवकाबाईने खांद्यावरून डोकावून पाहिलं.
"मायचा दोष म्हंता मॅडम?
जेवण तं मी रांधतो. मंग मलेबी लिवा."

तीन वाजता लाइट गेली.
तिने पोतं भिजवून बाटल्यांवर टाकलं,
पेट्यांवर टाकतात तसं,
आणि पुठ्ठ्याने वारा घालत बसली,
मधूनच स्वतःला.

लाइट आल्यावर काचेची सुई घेतली.
धड माशीच्या अंड्यातला एक थेंब ओढून
एकशे सतराच्या अंड्यात, कानांच्या टोकाला.
साठ टोचली. सुईने वीस तर फुटलीच.
दुसऱ्या दिवशी सातांमध्ये काहीतरी होतं:
जबड्याचा काळा आकडा, वाकडा,
छातीची एक पट्टी.
बाहेर कोणीच आलं नाही.

वहीतला शब्द खोडला.
त्या जागी काय लिहावं ते सुचलं नाही,
सर विचारतील तेव्हा बघू.

त्या काळ्या आकड्याचा फोटो काढला
आणि बहिणीला पाठवला.
सोबत काही लिहिणार होते. नाही लिहिलं.

रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला,
सगळे झोपल्यावर लिहिला असणार:
हे पुढून आहे का मागून?